दुखण्याचा बोजा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचे पीककर्ज, बँकेचे तारण, विहिरीतील पाण्याची पाळी, भाऊबंदांच्या वहिवाटीचा हक्क अशा नाना गोष्टींची नोंद आढळते. खातेदाराच्या संसाराची निम्मी कैफियत त्या एका रकान्यात वाचता यावी, इतकी ती नोंद बोलकी असते. परंतु ज्या कारणाने कित्येक घरांतील बैलजोडी बाजारात गेली, मंगळसूत्रातील वाट्या सोनाराच्या तिजोरीत पडल्या आणि अखेर एकराचा तुकडा दुसऱ्याच्या नावे चढला, त्या कारणाचे नाव त्या कागदावर कधीही उमटत नाही. फेरफाराच्या नोंदीत ‘खरेदीखत’ एवढेच लिहिले जाते. त्या खरेदीखतामागे आईचे मूत्रपिंड होते की धाकट्याचा अपघात, याची पृच्छा करण्याचे तलाठ्याला प्रयोजन नसते. दुष्काळ पडला तर पैसेवारी निघते, पंचनामे होतात, तहसील कचेरीत याद्या लागतात. दुखणे मात्र ज्याच्या त्याच्या घरी एकएकटे येते, आणि एकएकट्याने आलेल्या आपत्तीचा पंचनामा करण्याची रीत आपल्या राज्यकारभाराने अद्याप घालून घेतलेली नाही.

आणि तरीही, विमाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर, हे एकएकटे येणे हेच दुखण्याचे एकमेव उपकारक लक्षण होय. दुष्काळ साऱ्या शिवारावर एकदम कोसळतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या हाकेला धावून जावे म्हटले तर त्याच्याही कणगीचा तळ दिसत असतो. म्हणून दुष्काळाचे निवारण हे गावाच्या आवाक्यातले काम नव्हे. दुखण्याची गोष्ट निराळी. दोनशे उंबऱ्यांच्या गावात यंदा कोणाला तरी मोठ्या दवाखान्याची पायरी चढावी लागणार, हे जितके निश्चित, तितकेच ती कोणाला चढावी लागणार हे अनिश्चित. आणि ज्या वर्षी चार घरांवर ती पाळी येते त्या वर्षी उरलेल्या एकशे शहाण्णव घरांत दाणागोटा असतो. बहुतांकडून अल्पस्वल्प घेऊन थोड्यांचे संकट निवारावे, यापलीकडे विम्याच्या तत्त्वात गूढ असे काही नाही. मग जे इतके सरळ आहे, ते शेजारधर्माची एवढी महती गाणाऱ्या आपल्या गावांत आपोआप का घडून आले नाही, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर आधी भिशीकडे पाहावे. वीस जणी दरमहा ठरलेली रक्कम काढतात, चिठ्ठी टाकली जाते, जिचे नाव निघेल तिला सारी रक्कम एकहाती मिळते. पण वीस महिन्यांच्या मुदतीत प्रत्येकीचे नाव निघणारच, ही त्या व्यवहारातील पक्की खूणगाठ असते. दिलेले परत मिळते, फक्त मिळण्याची वेळ पुढेमागे होते. विम्यात ही खूणगाठ नाही. तेथे ज्याला काहीच परत मिळाले नाही तोच खरा भाग्यवान, असा उफराटा न्याय आहे, आणि तो हातावर पोट असणाऱ्या माणसाच्या गळी उतरविणे सोपे नाही. ‘तीन वर्षे भरले, एक गोळीसुद्धा घ्यावी लागली नाही, पैसे पाण्यात गेले’ ही तक्रार अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नसून, भिशीत मुरलेल्या व्यवहारबुद्धीने विम्याला विचारलेला तो रोकडा प्रश्न आहे. त्यात दुसरी अडचण अशी की, ज्याला आपले दुखणे आतून ठाऊक असते तो सर्वांआधी नाव नोंदवितो आणि धडधाकट माणूस पुढच्या वर्षाची गोष्ट करतो. मग पेटीतून जाणारा पैसा येणाऱ्याहून अधिक होतो, वर्गणी वाढवावी लागते, वर्गणी वाढली की आणखी काही धडधाकट गळतात, आणि बुडत्याचा पाय अधिकच खोलात जातो. अर्थशास्त्रज्ञ यालाच ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. बचत गटातून दुखण्यासाठी कर्ज मिळते हे खरे. परंतु कर्जाने सावकार बदलतो, बोजा उतरत नाही.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांत १९८०च्या सुमारास जी ज्वारीच्या विम्याची योजना आरंभिली, आणि जिच्याशी डॉ. उल्हास जाजू यांचे नाव निगडित आहे, तिच्यात या दोन्ही अडचणींचा विचार झालेला दिसतो. वर्गणी नगद नव्हे, तर ज्वारीच्या रूपाने. आणि तीही वर्षातून केव्हाही नव्हे, तर सुगीच्या दिवसांत, कारण मजुराच्या घरात जे काही येते ते त्याच सुमारास येते. भूमिहीनाने थोडे द्यावे, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक द्यावे, आणि आजारी पडल्यावर मात्र दोघांचा अधिकार सारखाच असावा, हा तिचा न्याय. अकस्मात कोसळणाऱ्या दुखण्याचा उपचार विनामूल्य; मोतीबिंदू, हर्निया, नेहमीचे बाळंतपण अशा, आधी कळून येणाऱ्या गोष्टींसाठी खर्चाचा काही अंश रुग्णाने सोसावयाचा. पण या सर्वांहून मर्माची अट वेगळीच होती: गावातील पंचाहत्तर टक्के घरे सामील झाली तरच त्या गावाचा विमा धरावयाचा, एरवी नाही. या एका अटीने धडधाकट घरांची टाळाटाळ हा रुग्णालयाचा प्रश्न न राहता शेजाऱ्यांचा प्रश्न झाला. ज्याच्या घरी म्हातारा खोकत होता त्याला आता आपल्या शेजाऱ्याला समजावणे प्राप्त होते, आणि ज्या गावात अशी समजूत घालण्याइतका एकोपा नव्हता त्या गावाला आपल्या दुहीची किंमत उघड मोजावी लागत होती.

धान्य मोजण्याचा प्रसंग ज्याने पाहिला आहे, त्याला या योजनेतील दुसरे मर्मही उमगेल. रास मळून पडलेली असते, मापारी गुडघा टेकून बसतो, पायली राशीत खुपसून शिगोशीग भरतो, आणि पहिले माप पोत्यात रिते करताना तोंडाने ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो; दोनापासून पुढे मात्र रोकडी गणती चालू होते. ही महाराष्ट्रातील जुनी चाल आहे. भोवताली चार माणसे उभी असतात. कोणी किती दिले हे पावतीवाचून सर्वांना कळते, आणि ज्याने चारचौघांत माप घातले त्याला पुढे चारचौघांत जाब विचारण्याचाही अधिकार प्राप्त होतो. याला कोणी बलुत्याचा नवा अवतार म्हणेल, तर ते साम्य वरवरचे आहे. बारा बलुतेदारांच्या रूढ यादीत वैद्याचे नाव नाहीच. शिवाय बलुते हे जातीने नेमून दिलेल्या चाकरीचे वेतन होते, त्यात देणाऱ्याचा तोरा आणि घेणाऱ्याची लाचारी मुरलेली होती. ज्वारीच्या या वर्गणीत ऐपतीप्रमाणे देणे आणि गरजेप्रमाणे घेणे ही दोन सूत्रे एकत्र आली. बलुत्याच्या व्यवस्थेला ती कधीच मानवली नसती.

धान्याच्या मापाने वैद्याची बेगमी करण्याची बुद्धी एकट्या वर्ध्यालाच सुचली, असेही नाही. जपानात फुकुओका प्रांतातील मुनाकाता परिसरातील गावकरी गेल्या शतकाच्या आधीपासून आपापल्या ऐपतीप्रमाणे तांदूळ घालून गावचा वैद्य पोसत; ‘जोरेई’ नावाच्या त्या रिवाजाचा कित्ता समोर ठेवूनच १९३८ सालचा राष्ट्रीय आरोग्यविम्याचा कायदा रचला गेला, आणि १९६१ साली तो विमा सर्व जपानी जनतेपर्यंत पोहोचला. बिस्मार्कने १८८३ साली जर्मनीत कामगारांच्या आजारपणाचा विमा सक्तीचा केला, तेव्हा त्यानेही काही नवी इमारत उभारली नाही. कारागिरांच्या संघांनी आणि खाणकामगारांनी पूर्वापार चालविलेल्या साहाय्यपेट्यांनाच त्याने कायद्याचे छप्पर घातले, वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे व एक वाटा मालकाचा ठरविला, आणि कारभार पेट्यांच्याच हाती राहू दिला. वेल्समधील ट्रेडेगर गावच्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पैसा काढून डॉक्टर व इस्पितळ चालविले होते; त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला, आणि ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेवर त्या गावच्या अनुभवाची छाप राहिली.

या तिन्ही हकीकतींतून हौशी माणसे एक निष्कर्ष काढतात, आणि माझ्या मते तो चुकीचा आहे. गावाने ठरविले तर गाव आपल्या दुखण्याची तजवीज आपण करू शकते, सरकारची गरज नाही, असा तो निष्कर्ष. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जपानचा तांदूळ, जर्मनीच्या पेट्या आणि वेल्सची वर्गणी या तिन्ही अखेर कायद्याच्या आणि राज्याच्या खजिन्याच्या आश्रयाला गेल्या. ज्या गेल्या नाहीत त्या कालांतराने विरून गेल्या. चीनमध्ये कम्यूनच्या आधाराने उभी राहिलेली खेड्यांची सहकारी वैद्यकव्यवस्था, १९८०च्या दशकात कम्यून मोडताच, बहुतेक ठिकाणी त्यांच्याबरोबर कोसळली आणि २००३ साली सरकारला ती नव्याने मांडावी लागली. सेवाग्रामची गोष्टही तीच सांगते. ज्या रुग्णालयाच्या भरवशावर ज्वारी गोळा होत होती, त्याचा खर्च मुख्यत्वे केंद्र व राज्य यांच्या अनुदानावर आणि ते चालविणाऱ्या संस्थेच्या हिश्श्यावर चालत आला. खेड्यांची ज्वारी त्या खर्चाचा अल्प अंश होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? दोनशे घरांची वर्गणी म्हणजे दोनशे घरांचीच ऐपत; त्यांतील एकाला हृदयाची शस्त्रक्रिया लागली आणि दुसऱ्याला कर्करोग झाला, की दहा वर्षांची ज्वारी एका पावसाळ्यात संपेल. भरीस भर म्हणून, विदर्भाच्या शेतांतून सोयाबीनने ज्वारी मागे सारली आहे. वर्गणीचे नाव ज्या पिकावरून पडले ते पीकच आता पूर्वीसारखे बांधोबांध दिसत नाही.

मग ज्वारीने साधले काय? माझ्या मते तिने पैसा फारसा जमविला नाही, अधिकार जमविला. आणि सबंध विषयाचा गाभा मला येथेच दिसतो. जोखीम ही जितक्या मोठ्या समूहात वाटावी तितकी हलकी होते, म्हणून तिला राज्य हवे, देश हवा. विश्वास मात्र जितका समूह मोठा तितका पातळ होतो, म्हणून त्याला ओळखीची माणसे हवीत, खळे हवे, चावडी हवी. आपल्या योजनांची खरी गफलत अशी की, त्यांनी या दोहोंपैकी एकच धरावयाचे असा जणू पण केला. लहान पेटीच्या कैवाऱ्यांनी जोखमीकडे डोळेझाक केली; मोठ्या योजनांच्या कर्त्यांनी विश्वासाची गरजच मानली नाही.

मोठ्या योजनांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. २०१२ साली महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढच्याच वर्षी राज्यभर नेलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, २०१७ साली तिला लाभलेले महात्मा फुल्यांचे नाव, २०१८ साली देशपातळीवर आलेले कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण, आणि त्यानंतर शिधापत्रिकेच्या रंगाची अट सैल करून दिलेला व्यापक प्रवेश, या प्रत्येक पायरीने पूर्वी ज्या शस्त्रक्रियेचे नाव ऐकताच घरचे लोक रुग्णाला गाडीत घालून गावी परत नेत, ती शस्त्रक्रिया शक्य कोटीत आणली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांच्या हिशेबाने देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. पण सरासरी ही सरकारला उपयोगी पडते. घराला सरासरी नसते.

एका शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर मी एकदा दुपारभर बसून होतो. योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढे धोतर नेसलेले एक गृहस्थ उभे होते. हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक्स-रे, केशरी शिधापत्रिका, आधार कार्ड, आणि सहा ठिकाणी घड्या पडलेली चिठ्ठी. त्यांच्या पत्नीचे नाव शिधापत्रिकेवर ‘रखमा’ होते आणि आधार कार्डावर ‘रुक्मिणी’. आरोग्यमित्र सौजन्याने बोलत होता, नियम त्याने केलेला नव्हता. पण दाखला आणल्यावाचून पूर्वपरवानगीचा अर्ज पुढे जाईना, आणि पलीकडच्या खिडकीवर तोवर अनामत भरण्याचा तगादा चालू होता. गृहस्थांनी गावी फोन लावला आणि पहिले वाक्य उच्चारले ते दाखल्याविषयी नव्हे, शेळ्यांविषयी: ‘दोन्ही देऊन टाक.’ दुसऱ्या दिवशी परवानगी आली, शस्त्रक्रिया एक पैसा न घेता झाली, योजनेच्या अहवालात ते प्रकरण यशस्वी म्हणून नोंदले गेले असेल, आणि ते यथार्थही होते. शेळ्या मात्र विकल्या गेल्या होत्या.

या प्रसंगात योजनेचे वैगुण्य एका ठिकाणी गोळा झालेले दिसते. योजनेचे कार्ड हे रुग्णालयात शिरल्यानंतरचा खर्च सोसते. तेथवर पोहोचण्याचे गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी, कागद जुळेपर्यंतची अनामत, आणि घरी परतल्यावर रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या ज्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या त्यांचा खर्च, हे सारे बहुतांशी कार्डाच्या बाहेर राहते. आणि घरांच्या खिशाला लागलेली गळती पुष्कळशी तेथेच आहे. पण पैशाच्या या उणिवेहून मला दुसरी उणीव अधिक सलते. त्या गृहस्थांच्या पाठीशी त्या तळमजल्यावर कोणीही नव्हते. त्यांनी वर्गणी घातलेली नव्हती, म्हणून त्यांना जाब विचारण्याचा अधिकार वाटत नव्हता. योजना त्यांच्या नावाने चाललेली असूनही ती त्यांना कोणाची तरी मेहेरबानी वाटत होती. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्यात, असे बंधन उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेने घातले आहे; पण त्या खाटा मागावयास जाणारा माणूस एकटाच जातो, आणि एकट्या माणसाच्या तोंडी हक्कसुद्धा विनवणीसारखा ऐकू येतो.

येथे एक वजनदार आक्षेप येईल. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ सालीच असे सांगून ठेवले आहे की, पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांस मुकता कामा नये. तेव्हा विम्याच्या या खटाटोपापेक्षा सरकारने आपले दवाखाने सुसज्ज करावे, तेथे औषध, डॉक्टर आणि खाट विनामूल्य मिळावी, म्हणजे कार्डही नको आणि ज्वारीही नको. हा आक्षेप तत्त्वतः मला मान्य आहे. तालुक्याच्या गावी शल्यचिकित्सकच नसेल तर पाच लाखांचे कार्ड हे न वटणाऱ्या हुंडीसारखे होय. परंतु सुसज्ज सरकारी दवाखान्यालाही राखणदार लागतो. औषधाचे कपाट रिकामे का, रात्रपाळीचे डॉक्टर कोठे आहेत, सोनोग्राफीसाठी बाहेरची चिठ्ठी का दिली, हे प्रश्न जिल्ह्याच्या कचेरीतून विचारले जात नाहीत. आणि विचारले गेले तरी त्यांची उत्तरे कागदावरच येतात. ते प्रश्न ज्याच्या घरी दुखणे आहे त्यानेच, पण एकट्याने नव्हे, विचारावयाचे असतात. निलगिरीतील गुडलूरच्या आदिवासींनी आपल्या संघटनेच्या आधाराने स्वतःचे रुग्णालय आणि १९९२ सालापासून स्वतःची विमायोजना चालविली, तेव्हा मोठी जोखीम त्यांनी विमा कंपनीकडे सोपविली. कारभार आणि देखरेख मात्र आपल्या हाती ठेवली. मला ही वाटणी न्याय्य वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंड, अपघात ही जोखीम सर्वस्वी राज्याने आणि देशाने आपल्या खजिन्यावर घ्यावी. ती गावाच्या पेटीवर टाकणे म्हणजे गरिबीचाच विमा गरिबांकडून उतरविणे होय. पण तिच्या जोडीला प्रत्येक गावात एक लहान पेटी असावी, सुगीच्या वेळी ऐपतीप्रमाणे भरलेली, आणि तिच्यातून कार्डाच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टी भागाव्यात: गाडीभाडे, अनामतीची तात्पुरती सोय, आणि जन्मभराच्या गोळ्या. या गोळ्यांचा खर्च अकस्मात नसतो, तो दरमहा ठरलेला असतो. त्याला विमा लागत नाही, सर्वांनी मिळून घाऊक खरेदी केली की तो निम्म्याहून हलका होऊ शकतो. ही पेटी चालविणाऱ्या पाचजणांनी रुग्णाबरोबर शहरात जावे, ‘रखमा’ हीच ‘रुक्मिणी’ असे तेथे ठामपणे सांगावे, आणि परत आल्यावर हिशेब चावडीवर वाचावा. पेटीतला पैसा थोडाच असेल. पण ज्याने माप घातले आहे, तो आरोग्यमित्राच्या टेबलापुढे निराळ्या आवाजात बोलेल.

कोणी म्हणेल, ही पाच माणसेही उद्या आपल्याच भाऊबंदांची सोय पाहतील. पाहतीलही. गावाचा न्याय निर्मळ असतो असे मानण्याइतका मी भाबडा नाही. ज्या खळ्यावर माप पडत असे त्याच खळ्यावर काही जणांना दूर उभे केले जात असे, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच पेटीच्या कारभारात भूमिहीनांना आणि स्त्रियांना जागा ठरवून द्यावी, आणि वर्षाच्या हिशेबाचे वाचन कोणाच्या ओसरीवर न होता ग्रामसभेत व्हावे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत रस्ते, नळ आणि घरकुलांच्या याद्या वाचल्या जातातच. त्यांच्या जोडीला एक यादी आणखी वाचली जावी: यंदा किती घरांना मोठ्या दवाखान्याची पायरी चढावी लागली, त्यांपैकी कितींना कार्डाचा लाभ मिळाला, कितींना अनामत भरावी लागली, आणि दुखण्यापायी कोणी गुरे, दागिना वा जमीन विकली. तलाठ्याच्या दप्तरात जे कारण नोंदले जात नाही, ते निदान गावाच्या तोंडून एकदा ऐकू यावे. आणि ज्या वर्षी त्या यादीतला शेवटचा रकाना कोरा राहील, त्या वर्षी ज्यांनी वर्गणी भरली आणि ज्यांना काहीच परत मिळाले नाही, त्यांनी पैसे पाण्यात गेले असे म्हणू नये; त्यांच्या मापाला मापाऱ्याने पहिला शब्द ‘लाभ’ असाच उच्चारला होता.